संदिग्ध वियोग आणि घराण्याचा आधार : पार्वतीबाई पेशवे यांची बावीस वर्षे (१७६१–१७८३)

प्रास्ताविक

पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार, दि. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणांगणावर मराठी फौजेचा पराभव झाला. या लढाईची चर्चा मराठी इतिहासलेखनात मुख्यतः युद्धनीती, रसद, उत्तरेतील मुत्सद्देगिरी आणि पराभवाची जबाबदारी या अंगांनी झालेली आहे. होळकरांनी रणांगण केव्हा सोडले, भाऊसाहेब हत्तीवरून का उतरले, यांसारख्या प्रश्नांवर पिढ्यान्‌पिढ्या वाद घातले गेले. त्या एका दुपारी महाराष्ट्रातील असंख्य घरांतून पती, पुत्र व बंधू नाहीसे झाले. त्या घरांनी हा आघात कसा सोसला, हा प्रश्न मात्र बहुधा भावनिक म्हणून बाजूला ठेवला जातो, किंवा कादंबरीकारांच्या हवाली केला जातो. वास्तविक तो सामाजिक इतिहासाचा, इतकेच नव्हे तर राजकीय इतिहासाचाही प्रश्न आहे.

सदाशिवराव भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांचे उदाहरण या दृष्टीने विशेष विचारात घेण्यासारखे आहे. पतीच्या मृत्यूवर त्यांनी विश्वास ठेवला नाही. त्यांनी सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. आणि पेशवे घराण्याने, म्हणजे ज्या घरावर धर्माचाराचा आदर्श राखण्याची जबाबदारी आहे असे सारे पुणे मानीत होते त्या घराने, त्यांना तसे राहू दिले. १७६१ ते १७८३ अशी बावीस वर्षे ही स्थिती टिकली. या काळात चार पेशवे झाले, एका पेशव्याचा खून झाला, आणि भाऊसाहेबांचे नाव घेऊन एका तोतयाने कोकणात बंड उभारले. घराण्याने पार्वतीबाईंना दिलेला हा आधार कोणत्या स्वरूपाचा होता, त्याची किंमत काय पडली आणि त्याच्या मर्यादा कोणत्या होत्या, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी याच काळातील होळकर घराण्याचे उदाहरणही सोबत घ्यावे लागते.

घराण्यातील पूर्वपरंपरा

पेशवे घराण्यात अकाली वैधव्य ही नवी गोष्ट नव्हती. बाळाजी विश्वनाथ १७२० मध्ये वारले, तेव्हापासून १७५३ पर्यंत राधाबाई या घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्ती म्हणून वावरल्या. १७३५ मध्ये त्यांनी केलेली काशीयात्रा प्रसिद्ध आहे. राजस्थानातील राजेरजवाड्यांनी त्यांचा केलेला सन्मान हा मराठी सत्तेच्या वाढत्या प्रतिष्ठेचा पुरावा म्हणून इतिहासकार सांगतात. बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडी येथे अल्पशा आजाराने एकाएकी वारले. त्यांच्या पत्नी काशीबाई पुढे १७५८ पर्यंत हयात होत्या. म्हणजे घरातील दोन ज्येष्ठ स्त्रिया वैधव्यात दीर्घकाळ जगल्या आणि त्यांचा मान कमी झाला नाही.

परंतु याच घरात दुसरीही परंपरा होती. चिमाजी आप्पांच्या मृत्यूनंतर त्यांच्या द्वितीय पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. भाऊसाहेबांची जन्मदात्री रखमाबाई त्यांच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत वारली होती. सावत्र आईही अशा रीतीने गेली, तेव्हा भाऊसाहेब दहा-अकरा वर्षांचे होते. त्यांचे संगोपन आजी राधाबाईंच्या देखरेखीखाली झाले. पोरक्या मुलाला घराने उचलून घ्यावे आणि त्याचे पुढे कारभारात स्थान व्हावे, ही गोष्ट या घराला परिचयाची होती. पार्वतीबाईंच्या बाबतीत घराने जे केले ते या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे कमी आश्चर्यकारक वाटते, तरी त्याचे वेगळेपण उरतेच.

पार्वतीबाई या पेणच्या कोल्हटकर घराण्यातील. भाऊसाहेबांच्या प्रथम पत्नी उमाबाई वारल्यानंतर त्यांचा विवाह झाला. उत्तरेच्या मोहिमेत त्या भाऊसाहेबांसमवेत होत्या. फौजेबरोबर बायकामुले आणि यात्रेकरू यांचा मोठा समुदाय होता, आणि रसद तुटल्यावर तोच फौजेच्या गळ्यातील धोंड ठरला, ही टीका सर्वश्रुत आहे. त्या समुदायातील स्त्रियांच्या वाट्याला लढाईनंतर काय आले, याचा विचार मात्र त्या टीकेत अभावानेच आढळतो.

कुंभेर : सात वर्षांपूर्वीचा एक प्रसंग

पार्वतीबाईंचा परतीचा प्रवास समजून घेण्यासाठी थोडे मागे जाणे आवश्यक आहे. १७५४ च्या प्रारंभी रघुनाथरावांच्या नेतृत्वाखाली मराठी फौजांनी सूरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्याला वेढा घातला होता. त्या वेढ्यात मार्च महिन्यात किल्ल्यावरील तोफेचा गोळा लागून मल्हारराव होळकरांचे एकुलते पुत्र खंडेराव ठार झाले. खंडेरावांच्या इतर स्त्रिया सती गेल्या. अहिल्याबाईही निघाल्या होत्या. त्यांना मल्हाररावांनी परावृत्त केले.

हा प्रसंग चरित्रग्रंथांतून आणि शालेय पुस्तकांतून इतक्या वेळा सांगितला गेला आहे की त्यातील मुख्य गोष्ट नजरेआड होते. मल्हाररावांनी सुनेला शास्त्राचा आधार दाखविला नाही, किंवा सतीप्रथेविरुद्ध काही भूमिका घेतली असेही नाही. इतर स्त्रियांना त्यांनी अडविल्याचे कोणी सांगत नाही. परंपरेने जे त्यांच्या तोंडी घातले आहे त्याचा आशय इतकाच की, पुत्र गेला, आता सूनच पुत्राच्या ठिकाणी आहे, तीही गेली तर म्हाताऱ्याने कोणाकडे पाहावे. म्हणजे दुःखी सुनेला सासऱ्याने आधार देऊ केला, त्याहून अधिक त्याने तिच्याकडे आधार मागितला. या उलट मागणीतच त्या प्रसंगाचे बळ आहे.

पुढे मल्हाररावांनी हा शब्द कामाच्या रूपाने खरा केला. १७६५ च्या सुमाराची त्यांची अहिल्याबाईंना लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत चंबळ उतरून ग्वाल्हेरीस जावे, तेथे चार-पाच दिवस मुक्काम करावा, मोठा तोफखाना व त्याचा दारूगोळा यांची तजवीज ठेवावी, अशा स्वरूपाच्या आज्ञा आहेत. सांत्वनाचे एक अक्षरही त्यांत नाही. विधवा सुनेला तोफखान्याच्या सरंजामाबद्दल लिहिणारा हा सासरा तिच्या दुःखाविषयी उदासीन होता असे कोणी म्हणणार नाही. अठराव्या शतकातील सरदार घराण्यात आधार देण्याची रीत बहुधा अशीच होती: जागा द्यायची, काम द्यायचे, आणि माणसाला त्या कामात टिकू द्यायचे.

रणांगणापासून पुण्यापर्यंत

१४ जानेवारीच्या दुपारी विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर स्वार झाले आणि गर्दीत शिरले. त्यानंतर त्यांना मराठी बाजूकडील परत आलेल्या माणसांपैकी कोणीही पडताना निश्चितपणे पाहिले नाही, आणि पुढील सर्व घटनांचे मूळ याच गोष्टीत आहे. विश्वासरावांचे शव मिळाले, ओळखले गेले. भाऊसाहेबांचे तसे झाले नाही. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने नंतर लिहिलेल्या फारसी वृत्तान्तानुसार प्रेतांच्या ढिगाऱ्यातून एक शिर नसलेले धड सापडले. अंगावरील खुणांवरून ते भाऊसाहेबांचे असे ओळखीच्या माणसांनी ठरविले, आणि शुजाउद्दौल्याच्या मध्यस्थीने त्याचे विधिपूर्वक दहन झाले. शिर नंतर हाती आले असे तोच सांगतो. इतिहासकारांनी हा वृत्तान्त सर्वसाधारणपणे ग्राह्य धरला आहे. परंतु शेकडो कोस दूर, दक्षिणेत, ज्या बाईचे सर्वस्व त्या धडाच्या ओळखीवर अवलंबून होते तिच्या दृष्टीने शिर नसलेले धड हा पुरावा अपुरा होता, हे समजण्यासारखे आहे. भाऊ निसटले, अमुक ठिकाणी दिसले, वेषांतर करून फिरत आहेत, अशा वावड्याही त्याच वेळी उठत होत्या.

पार्वतीबाई रणांगणातून सुखरूप बाहेर पडल्या. जानू भिंताडा या विश्वासू सेवकाचे नाव या संदर्भात येते, आणि पुढे मल्हारराव होळकरांच्या सोबतीने त्या ग्वाल्हेरकडे आल्या असे सांगितले जाते. आपल्या कुटुंबाला सुरक्षित पोचविण्याची कामगिरी भाऊसाहेबांनीच मल्हाररावांवर सोपविली होती, असा युक्तिवाद होळकरांच्या बाजूने केला जातो. रणांगण लवकर सोडल्याच्या आरोपाला ते उत्तर म्हणून. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. सुनेला चितेवरून मागे फिरविणारा सरदारच या प्रवासातही दिसतो, एवढे नोंदवणे पुरेसे आहे.

याहून लक्षणीय बाब सूरजमल जाटाची. ज्याच्या किल्ल्यावरील गोळ्याने खंडेराव गेले, ज्याचे शिर उडविण्याची प्रतिज्ञा मल्हाररावांनी पुत्रशोकात केली होती, त्याच सूरजमलाने पानिपतहून पळून आलेल्या मराठ्यांना, त्यांतील जखमींना व स्त्रियांना आपल्या मुलखात आश्रय दिला. अन्न, वस्त्र, औषधोपचार आणि वाटखर्चीची व्यवस्था केली. बाजीराव व मस्तानी यांचे पुत्र समशेरबहाद्दर याच मुलखात जखमांनी वारले. मोहिमेच्या वेळी भाऊसाहेबांशी बिनसून सूरजमल बाजूला झाला होता, हे लक्षात घेता त्याची ही वागणूक अधिकच उठून दिसते. कुटुंबाचा आधार मिळण्यापूर्वी या स्त्रियांना पहिला आधार परक्याने, किंबहुना एके काळच्या शत्रूने दिला.

नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते. जानेवारी अखेरीस भेलशाच्या परिसरात त्यांना सावकारी सांकेतिक भाषेतील ते प्रसिद्ध पत्र मिळाले. त्यात भाऊ व विश्वासराव यांचा उल्लेख मोत्यांच्या रूपकाने होता. ती बातमी त्यांनी सोसली असे म्हणता येत नाही. ते खचलेल्या अवस्थेत पुण्यास परतले आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर वारले. म्हणजे पार्वतीबाई ज्या घरात परत आल्या तेथे सांत्वन करण्यास स्वस्थ मनाचे कोणी उरलेच नव्हते. जाऊ गोपिकाबाई यांनी सहा महिन्यांच्या आत ज्येष्ठ पुत्र आणि पती गमावला होता. नवा पेशवा माधवराव सोळा वर्षांचा होता. कारभारातील तरुण नाना फडणीस स्वतः पानिपतहून जीव वाचवून आले होते. त्यांची आई त्या धामधुमीत अंतरली होती. एकाच आघाताने मोडलेल्या माणसांचे ते घर होते, आणि त्यातच पार्वतीबाईंसाठी जागा करण्यात आली.

न उतरलेले कुंकू

पती बेपत्ता झाल्यास काय करावे याविषयी धर्मशास्त्रात विचार झालेला आहे. परागंदा झालेल्या माणसाची वार्ता ठरावीक काळपर्यंत, बहुधा बारा वर्षे, न मिळाल्यास पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिचे दहन करावे आणि उत्तरक्रिया उरकावी, असा विधी सांगितला आहे. पराशरस्मृतीतील ज्या वचनाच्या आधारे एकोणिसाव्या शतकात ईश्वरचंद्र विद्यासागरांनी विधवाविवाहाचे समर्थन केले, त्यातही पती नाहीसा होणे ही आपत्ती मृत्यूच्या शेजारी ठेवलेली आहे. तेव्हा पार्वतीबाईंची स्थिती शास्त्राला अपरिचित नव्हती. शास्त्राने तिच्यासाठी एक मुदत आणि मुदतीनंतरचा एक विधी दिला होता.

पेशव्यांच्या घरात हा विधी झाला नाही. पहिली बारा वर्षे शास्त्राच्या आधारे वाट पाहण्याची होती असे म्हणता येईल; ती १७७३ च्या प्रारंभी संपली. नंतरच्या दहा वर्षांना शास्त्राचा आधार नव्हता. शिवाय सामान्य ब्राह्मण विधवेवर केशवपन, एकभुक्त राहणे, मंगलकार्यातून वगळले जाणे ही बंधने ज्या शहरात काटेकोरपणे लादली जात होती, त्याच शहरात हे घडत होते. माधवरावांच्या ठिकाणी चुलतीविषयी आदर होता, आणि कर्तव्यकठोर म्हणून ख्याती असलेल्या या पेशव्याने तिच्यावर वैधव्य लादले नाही. सख्ख्या मामाला, रास्त्यांना, दंड करण्यास जो कचरला नाही आणि त्यावरून मातुश्री गोपिकाबाईंशी ज्याचे बिनसले, त्याच्या हातून झालेली ही गोष्ट आहे. ती नजरचुकीने झाली असे मानता येत नाही.

आधुनिक मानसशास्त्रात पॉलिन बॉस या अमेरिकन संशोधिकेने युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करून ‘संदिग्ध वियोग’ ही संकल्पना मांडली. मृत्यूची खात्री नसल्याने शोक सुरूही होत नाही आणि संपतही नाही. अशा वेळी भोवतालच्या माणसांनी निश्चयाची सक्ती केली तर आघात वाढतो, असे तिचे प्रतिपादन आहे. अठराव्या शतकातील पुण्यावर विसाव्या शतकातील अमेरिकेची परिभाषा लादणे धोक्याचे आहे याची जाणीव ठेवूनही असे म्हणता येईल की, पेशव्यांच्या घराने ती सक्ती केली नाही. त्यांनी भाऊसाहेब जिवंत आहेत असेही मानले नाही. राज्यकारभार, सरंजामाची वाटणी, फौजेचे सेनापतित्व या सर्व बाबतींत भाऊसाहेब गेले हे गृहीत धरूनच व्यवहार झाले. दफ्तरात एक निर्णय आणि देवघराच्या उंबऱ्यात दुसरा, अशी ती व्यवस्था होती. बाहेरच्या माणसाला ती विसंगत वाटेल. घरात राहणाऱ्यांना ती बावीस वर्षे निभावता आली.

तोतया

दफ्तर आणि देवघर यांच्यातील ही फट निरुपद्रवी राहिली नाही. पानिपतनंतर काही वर्षांतच सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण, भाऊसाहेबांशी चेहऱ्याचे साम्य असलेला, आपणच भाऊ असल्याचे सांगत पुढे आला. माधवरावांच्या कारकिर्दीत त्याला पकडून चौकशी झाली, तोतया ठरवून किल्ल्यावर कैदेत ठेवण्यात आले. माधवराव १७७२ मध्ये वारले. १७७६ मध्ये रत्नागिरीचे सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनी त्याला मोकळे केले, आणि पाहता पाहता कोकणातील किल्ले त्याच्या हाती जाऊ लागले. हजारो माणसे त्याला मिळाली. पुण्याच्या कारभाऱ्यांपुढे त्या वेळी रघुनाथराव आणि इंग्रज यांचे संकट उभे होतेच. त्यात हे बंड उद्भवले. महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला. समुद्रमार्गे निसटण्याच्या प्रयत्नात तो कुलाब्याच्या रघूजी आंग्र्यांच्या हाती सापडला. पुण्यात पुन्हा चौकशी होऊन १७७६ च्या अखेरीस त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकामुळे हे प्रकरण मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाचे आहे.

केवळ पार्वतीबाईंच्या कुंकवामुळे तोतया उभा राहिला असे म्हणणे अर्थातच अतिशयोक्त ठरेल. पानिपतसारख्या संहारानंतर तोतये निघतातच, आणि बारभाईंच्या कारभाराविषयीचा असंतोष हे बंडाचे खरे इंधन होते. परंतु भाऊसाहेबांची उत्तरक्रिया झालेली नाही आणि त्यांच्या पत्नी सुवासिनीच्या वेषात आहेत, ही गोष्ट साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असताना तोतयाच्या म्हणण्याला एक पाया आपोआप मिळत होता. सामान्य शिपायाने किंवा गावच्या खोताने असा विचार केला असल्यास नवल नाही की, घरच्यांनीच ज्यांना मृत मानले नाही ते परत आले तर त्यात अशक्य ते काय? राजकीय शहाणपण सांगत होते की, १७६१ मध्येच, निदान १७७३ मध्ये, पळसाच्या पानांची ती प्रतिमा जाळून टाकावी.

या ठिकाणी नाना फडणिसांची वागणूक विचारात घेण्यासारखी आहे. शंकेखोर, हिशेबी, कोणावरही सहजी विश्वास न टाकणारा, असे त्यांचे चित्र इतिहासात रूढ आहे आणि ते फारसे चुकीचे नाही. तोतयाचे बंड मोडल्यानंतर ही फट कायमची बुजविण्याची संधी त्यांना होती, कारणही होते. तरीही पार्वतीबाईंची स्थिती पुढील सात वर्षे पूर्वीसारखीच राहिली. तोतया मारला गेला तो तोतया म्हणून. त्याच्या मृत्यूने भाऊसाहेबांचा मृत्यू सिद्ध झाला असे घराने मानले नाही. आणि पार्वतीबाईंच्या बाजूने पाहता, ज्या वावडीवर मन पंधरा वर्षे टेकलेले असेल ती खोटी ठरण्याचा तो दिवस दुसऱ्या रणांगणाहून सोपा नसावा.

शनिवारवाडा ते पुरंदर

या काळात पार्वतीबाई केवळ आधार घेणाऱ्या राहिल्या नाहीत. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. त्यांचे वय अठरा होते. पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. खुनाचा ठपका घरातल्याच माणसांवर, काका रघुनाथराव आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्यावर आला. कुटुंब हा दुःखितांचा आसरा असे सहज म्हटले जाते. येथे आसराच घातक ठरला होता. गंगाबाईंचे आणि पोटातील गर्भाचे रक्षण करायचे तर त्यांना त्या घरातून बाहेर काढणे भाग होते.

बारभाईंनी ३० जानेवारी १७७४ रोजी गंगाबाईंना पुरंदर किल्ल्यावर हलविले, आणि त्यांच्यासमवेत पार्वतीबाई गेल्या. ग्रँट डफने आपल्या इतिहासात याचा उल्लेख केला असून पार्वतीबाईंच्या प्रतिष्ठेचीही त्याने दखल घेतली आहे. त्यांच्या जाण्याला व्यावहारिक कारण होते. जन्मणाऱ्या मुलाच्या औरसतेविषयी शंका घेण्यास विरोधक टपलेलेच होते. घराण्यातील सर्वमान्य ज्येष्ठ स्त्री सोबत असणे हा त्यावरचा उत्तम उपाय होता. परंतु हिशेब काहीही असो, पतीच्या आकस्मिक मृत्यूने हादरलेल्या तरुण पुतणसुनेजवळ पुरंदरावर त्या राहिल्या ही वस्तुस्थिती आहे. एकीच्या पतीचे शव तिच्याच घरात पडले होते. दुसरीला तेरा वर्षांत शव दिसले नव्हते. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला. गंगाबाई १७७७ मध्ये वारल्या आणि त्या पोरक्या बालपेशव्याच्या संगोपनात पार्वतीबाईंचा वाटा राहिला. भाऊसाहेबांना आजी राधाबाईंनी वाढविले होते. आता भाऊसाहेबांच्या पत्नीने घराण्याच्या वारसाला वाढविले. गोपिकाबाई नाशिकजवळ गंगापूर येथे राहत होत्या. चारही आघात, पती आणि तीन पुत्र, सोसून त्यांनी नातवाला वागणुकीचे नियम लिहून पाठविले ते प्रसिद्धच आहे. पानिपतच्या एका बखरीचे लेखन त्यांच्याच सांगण्यावरून झाले असे मानले जाते.

आधाराच्या मर्यादा

हा सर्व वृत्तान्त घराण्याच्या औदार्याची कथा म्हणून सांगता येतो, पण तसे करणे एकांगी होईल. एक तर हे औदार्य सत्ताधारी घराच्या चार भिंतींत राहिले. पानिपतावर बेपत्ता झालेल्या साध्या शिलेदाराच्या पत्नीला बावीस वर्षे कुंकू लावू देईल असे घर किंवा असा गाव विरळाच. पेशव्यांनी चुलतीसाठी जे केले त्याचा त्यांनी रूढीत बदल करण्यासाठी उपयोग केला नाही. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे माधवरावांच्या मृत्यूनंतर रमाबाई सती गेल्या, तेव्हा हीच माणसे भोवती होती.

दुसरे असे की, असा आधार तो देणाऱ्या माणसाच्या आयुष्याएवढाच टिकाऊ असतो. याचे सर्वांत दाहक उदाहरण पुन्हा होळकर घराण्यातील आहे. अहिल्याबाईंची कन्या मुक्ताबाई यांचा पुत्र नथ्याबा अल्पवयात वारला आणि त्यानंतर १७९१ मध्ये पती यशवंतराव फणसे वारले. मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. सासऱ्याच्या शब्दावर चितेपासून मागे फिरलेल्या अहिल्याबाईंनी मुलीची हरप्रकारे विनवणी केली. माल्कमने १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात या प्रसंगाचा वृत्तान्त दिला आहे. त्यातील मुक्ताबाईंच्या उत्तराचा आशय असा की, आई वृद्ध झाली आहे, थोड्या वर्षांत तीही जाईल; पती नाही, पुत्र नाही, मग ती गेल्यावर जगायचे कोणासाठी? मल्हाररावांनी १७५४ मध्ये जो युक्तिवाद केला होता तोच मुलीने आईसमोर उलटा ठेवला. तेव्हा मालेराव आणि मुक्ताबाई लहान होते, सासरा खंबीर होता, दौलत उभी करायची होती. १७९१ मध्ये सहासष्ट वर्षांच्या आईजवळ देण्यासारखे काम होते, जागा होती. पुढची माणसे नव्हती. अहिल्याबाई नर्मदाकाठी चितेपर्यंत चालत गेल्या, आणि नंतर तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही, असे माल्कम लिहितो.

पार्वतीबाईंच्या बाबतीत हा धागा तुटला नाही, याचे कारण घरात एकामागून एक कोणी ना कोणी त्यांच्याजवळ येत राहिले: माधवराव गेले तेव्हा गंगाबाई, गंगाबाई गेल्या तेव्हा त्यांचे लहान मूल. १७८३ मध्ये पार्वतीबाई वारल्या. त्या वर्षाच्या आरंभीच आठ वर्षांच्या सवाई माधवरावांचा विवाह पुण्यात थाटाने झाला होता. बावीस वर्षे लांबलेली भाऊसाहेबांची उत्तरक्रिया पार्वतीबाईंच्या उत्तरक्रियेबरोबर करण्यात आली.